ट्रॅकर, साडीगार्ड आणि माझी एक जुनी बातमी

गेले काही महिने गावात मला एकच प्रश्न विचारला जातोय. "साहेब, बुलेटला ट्रॅकर बसवलाय म्हणं?" विचारणाऱ्याला वाटतं, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून मी जीपीएसचं काहीतरी यंत्र लावून घेतलंय. मग सांगावं लागतं, की ट्रॅकर बसवला नाही, बुलेटचाच ट्रॅकर केलाय. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "का? आधीची बरी न्हवती?"

त्याचं उत्तर लिहायला बसलो आणि पोस्ट लांबली. यात मोटारसायकल आहे, कायदा आहे आणि माझी एक चूक आहे. ती चूक छापील पेपरात दुरुस्त करायची राहिली, म्हणून इथं लिहितोय. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गाडी वडिलांची. १९८६ सालची बुलेट ३५०. वडील साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. उसाच्या नोंदी घ्यायच्या, तोड कुठं चाललीय बघायची, शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या, असं काम. पाणंदीच्या चिखलातून आणि धुरळ्यातून ही गाडी पंचवीस-तीस वर्षं फिरली. अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबायचा आणि मग एकच किक. आम्ही पोरं बाजूला उभं राहून बघायचो. दुसरी किक मारावी लागली की वडील खजील व्हायचे, आणि आम्ही मुद्दाम मोठ्यानं "दोन" म्हणायचो.

२०१७ ला ते गेले. गाडी पडवीत लागली. एक पावसाळा, दोन पावसाळे करत टाकीवर धुळीचा थर बसला, टायर चिरले. २०२१ मध्ये नोंदणीची मुदत संपली तेव्हा मला ते कळलंही नाही. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला. दुसऱ्यांदा आई त्याला म्हणाली, "माणूस गेल्यावर चपला पण लगेच टाकत न्हाईत." तो परत आला नाही.

मग एका रात्री अंकाचं काम उरकून मोबाइल चाळत असताना स्ट्रीट ट्रॅकर नावाचा प्रकार बघितला आणि अडकलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत फ्लॅट ट्रॅक नावाची जुनी शर्यत आहे. मातीचा लंबगोल ट्रॅक, आणि वळायचं फक्त डावीकडं. गाड्या वळणावर सरळ जातच नाहीत, मागचं चाक बाहेर फेकत आडव्या घसरत जातात. स्वार डावा पाय जमिनीवर टेकवतो. त्या बुटाला खालून लोखंडी पट्टी असते. पुढचा ब्रेक नसतो. कैक वर्षं मागचाही नसायचा. तिथली राष्ट्रीय मालिका १९५४ पासून चालते आणि १९७० मध्ये आलेली हार्ले डेव्हिडसनची एक्सआर ७५० ही त्या खेळाची सगळ्यात नावाजलेली गाडी. केनी रॉबर्ट्स याच मातीत शिकला आणि १९७८, ७९, ८० असा तीनदा डांबरी ट्रॅकवरचा ५०० सीसीचा जगज्जेता झाला. मातीवर मागचं चाक घसरवत गाडी ताब्यात ठेवायची सवय त्याला डांबरावर उपयोगी पडली.

आता या शर्यतीच्या गाडीला लाइट, हॉर्न, ब्रेक, नंबरप्लेट लावून रस्त्यावर आणली की झाला स्ट्रीट ट्रॅकर. रुंद हँडल, छोटी सीट, आखूड शेपूट, नको तो पत्रा काढलेला, बाजूला शर्यतीच्या नंबरची लंबगोल पाटी. दिखावा कमी, काम जास्त.

मला धरून ठेवलं ते एका बारीक गोष्टीनं. फ्लॅट ट्रॅकच्या गाडीला पुढं-मागं दोन्ही चाकं १९ इंची असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तसं नसतं. पण जुन्या स्टँडर्ड बुलेटला दोन्ही चाकं १९ इंचीच. शिवाय हाच कारखाना २०२० पासून अमेरिकेत फ्लॅट ट्रॅकमध्ये उतरलाय, आणि तिथं बायकांनी भारतात बनलेल्या ६५० सीसीच्या गाड्या स्वतः खोलून, ट्रॅकर करून शर्यतीत पळवल्यात. म्हटलं, पडवीतली गाडी अर्धी तयारच आहे. फक्त तिच्या अंगावरचं ओझं उतरवायचं.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घातली आणि स्टँडच्या मागच्या गल्लीत चाचांच्या गॅरेजला नेली.

चाचांचं नाव लिहीत नाही. त्यांनीच सांगितलंय, "नाव नका घालू, मागच्या वेळी छापलं तेवढं बास." या मागच्या वेळेबद्दलच सांगायचंय.

२०२२ च्या डिसेंबरात आमच्या भागात आवाज करणाऱ्या सायलेन्सरवर कारवाई झाली. तीस-बत्तीस सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडले आणि त्यावरून रोलर फिरवला. असे फोटो तुम्ही सगळ्यांनीच बघितलेत. पोलिसांकडून प्रेसनोट आली, फोटो आले. मी तासाभरात बातमी केली. मथळा झकास दिला. मग पानावर जागा उरली म्हणून स्टँडमागच्या गल्लीचा फाइलमधला एक फोटो लावला आणि खाली ओळ टाकली, की अशाच गॅरेजमधून कर्णकर्कश सायलेन्सर बसवून दिले जातात. त्या फोटोत सगळ्यात पुढं, वाचता येईल असा बोर्ड चाचांचा होता.

त्यांना काही विचारलं नव्हतं. पत्रकारितेच्या पदविकेत पहिल्याच महिन्यात शिकवतात, ज्याच्यावर आरोप करताय त्याला फोन करा. फोन दूर, गल्ली माझ्या कार्यालयापासून चालत पाच मिनिटांवर.

गाडी उतरवून झाल्यावर चाचांनी स्टूल दिलं, चहा सांगितला. मी ट्रॅकरचे फोटो दाखवले. त्यांनी सगळे फोटो शांतपणे बघितले. मग म्हणाले, "गाडी करतो की. पण हे मॉडिफाय हाय. तुमीच छापलं होतं न्हवं, मॉडिफाय करणारी गॅरेजं कशी असत्यात ते? बोर्ड लई बेस आलता फोटोत."

मला चहा जाईना.

नंतरच्या दिवसांत तुकड्यातुकड्यानं कळलं. चाचांनी आयुष्यात एक आवाजाचा सायलेन्सर बसवलेला नाही. आता पोरं ते ऑनलाइन मागवतात आणि घरीच पान्यानं लावतात. पण बातमीनंतर एका पतसंस्थेच्या वसुलीच्या नऊ गाड्या त्यांच्याकडं सर्व्हिसिंगला येत होत्या, त्या बंद झाल्या. "साहेबांनी पेपर बघितला" एवढंच कारण. हाताखालचा पोरगा आठ दिवस घरून सोडला नाही. मग तो पुण्याला चाकणकडं गेला. चाचांनी या तीन वर्षांत रस्त्यात भेटल्यावर मला सलाम करायचं सोडलं नाही. मी मात्र त्यांना दिलेली ती एक ओळ विसरूनही गेलो होतो.

असो. गाडी सुरू केली.

चाचांनी पहिल्याच दिवशी अट घातली. मूळ पत्र्याला आणि चॅसीला ग्राइंडर लावायचा नाही. जे काय करायचं ते नटबोल्टावर, परत फिरवता येईल असं. मी फोटो दाखवून म्हटलं, ट्रॅकरची सगळी ऐट मागच्या आखूड शेपटीत आहे, त्यासाठी चॅसीचा मागचा भाग कापून नवी नळी वेल्ड करतात. ते म्हणाले, "शॉकअप वर कुठं धरलाय बघा. त्याच्याच शेजारी तुमचा कट येतो. वेल्डिंग वरनं कितीबी गुळगुळीत दिसू दे, आत धरलंय का न्हाई कोण बघतंय? खड्ड्यात गेल्यावर कळतंय." हे सांगताना ते कुठल्याही इंजिनिअरपेक्षा कमी नव्हते.

मग असं ठरलं. हेडलाइटचा मूळ जड डूम काढून छोटा गोल लाइट. अँमीटर तेवढा छोट्या पट्टीवर समोर ठेवला, कारण त्याच्याशिवाय या गाडीला किक कशी मारायची ते मला येत नाही. रुंद हँडल. ते रुंद झालं म्हणून क्लच, ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकच्या केबली लांब करून घेतल्या. वायरिंग सगळं नवं, कारण जुन्यावर हात ठेवला की वरचं कव्हर बिस्किटासारखं मोडत होतं. स्पोक नवे, रिम तीच १९ ची, टायर ब्लॉक पॅटर्नचे. मागच्या फोर्कचे बुश पार झिजले होते. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातून लेथवर करून आणले. तिथल्या माणसानं जुना बुश बोटांत फिरवून बघितला, काही लिहून घेतलं नाही, आणि दोन तासांनी बरोब्बर बसणारा नवा हातात ठेवला. मागचं मडगार्ड भंगारातून वेगळं आणलं आणि ते कापलं. मूळचं पोत्यात बांधून माळ्यावर.

टाकीचा प्रश्न आला. ट्रॅकरला छोटी टाकी शोभते. पण बुलेटच्या काळ्या टाकीवर कारखान्यात हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा असतात. धूळ पुसल्यावर त्या जशाच्या तशा निघाल्या. फक्त एका जागी, जिथं वडिलांचा गुडघा लागायचा, तिथं रेघ झिजून गेलेली. टाकी तीच ठेवली. पॉलिशवाल्याला सांगितलं, तेवढ्या जागी हात लावू नको.

एक गंमत सांगतो. १९८६ च्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. फ्लॅट ट्रॅकवर डावा पाय जमिनीवर टाकायचा असतो. चाचांना मी व्हिडिओ दाखवला तर ते हसून म्हणाले, "डावा पाय मातीत टाकल्यावर ब्रेक कोण, मी मारू?" म्हणजे आमचा ट्रॅकर खऱ्या ट्रॅकवर गेला तर पहिल्या वळणालाच बाहेर जाणार. पण आम्हाला ट्रॅकवर जायचंच नव्हतं. पाणंदीनं मळ्यात जायचं होतं.

पावसाळाभर काम चाललं. नवरात्राच्या आधी गाडी दारात आली. सीट एकट्याची. मागं काही नाही, चाक उघडं. साडीगार्ड अर्थातच काढलेला. सगळ्यात बेढब दिसणारी गोष्ट तीच, असं माझं मत होतं.

आई बाहेर आली. टाकीवरून हात फिरवला. झिजलेल्या रेघेशी बोट थांबलं. मग मागं जाऊन बघत राहिली. म्हणाली, "मी कुठं बसू?"

मी म्हटलं, आई, ही गाडी एकट्याची असते. ती म्हणाली, "तुझ्या वडलांची एकट्याची न्हवती." आणि मग उघड्या चाकाकडं बघून, "पदराचं काय?"

वडिलांच्या बरोबर कामाला असलेल्या एकांच्या बायकोचा पदर चाकात गेला होता, ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. त्या बाई वाचल्या, पण हात कायमचा गेला. त्यांच्या गाडीचा साडीगार्ड कुणीतरी हौसेनं काढला होता. आईनं तो प्रसंग आठवून दिला नाही, फक्त दोन शब्द बोलून आत गेली. मी मात्र त्या रात्री पहिल्यांदा नियम उघडून बसलो. आधी उघडायला हवे होते. बातमी लिहिताना तर नक्कीच.

तर कायदा असा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकातले तपशील कारखान्यानं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. काही ठरावीक अपवाद आहेत, उदाहरणार्थ इंधनाचा प्रकार बदलणारं मान्यताप्राप्त किट, किंवा अपंग व्यक्तीसाठी केलेला बदल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. एका बदलामागं, हे लक्षात घ्या.

आता पुस्तकात तपशील कुठले असतात? इंजिन नंबर, चॅसी नंबर, सीसी, रंग, वजन, आणि आसनक्षमता. आमच्या बुलेटच्या पुस्तकात आसनक्षमता २. मी एकट्याची सीट लावली त्या क्षणी पुस्तक आणि गाडी यांचा मेळ तुटला. रंग बदलला असता तर तोही नोंदवावा लागला असता. आणि साडीगार्ड? केंद्रीय नियम १२३. मागं बसणाऱ्याला धरायला पकड, पाय ठेवायला जागा, आणि मागचं चाक निम्म्याहून कमी झाकणार नाही असं संरक्षण, म्हणजे कपडे चाकात जाऊ नयेत. मला बेढब वाटलेली ती जाळी कुणीतरी विचार करून नियमात घातलीय.

सायलेन्सरचंही वाचलं. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातल्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या पद्धतीनं, यंत्रानं मोजून. माझ्या त्या बातमीत डेसिबलचा आकडा एकही नव्हता. "कर्णकर्कश" हा शब्द चार वेळा होता.

पुढं कागदपत्रांचं काम निघालं. गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. हे खरं तर मालक गेल्यापासून तीन महिन्यांत करायचं असतं, मी आठ वर्षांनी गेलो. जुन्या नंबरची नोंद आधी संगणकावर चढवायची. मग नूतनीकरणाला फॉर्म २५. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाची फी २,००० रुपये झालीय. त्यात उशिराचा दंड, पर्यावरण कर, नवी सुरक्षा नंबरप्लेट. आणि गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवायची.

इथं खरी परीक्षा होती. सगळेच मला एक सल्ला देत होते. चाचा सोडून. "पासिंगपुरतं जुनं सामान लावा, शिक्का पडला की काढा. माळ्यावर पोतं हायच की." सोपं होतं. निम्मा महाराष्ट्र असंच करतो. खोटं कशाला बोलू, मी पोतं माळ्यावरून खालीही काढलं होतं.

चाचांना विचारलं तर म्हणाले, "तुमचं तुमी बघा. माझ्याकडनं गेलेली गाडी दोन तोंडाची नको."

मग गाडी होती तशीच नेली. निरीक्षक माझ्याहून लहान होता. गाडीभोवती दोनदा फिरला. ब्रेक बघितले, लाइट, हॉर्न, इंडिकेटर बघितले, हँडल पूर्ण दोन्हीकडं वळवून केबली ताणतात का बघितलं. म्हणाला, "काम चांगलंय. कुणी केलं?" मी सांगितलं. त्यानं कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या. दोघांची सीट, धरायला पकड, मागचं चाक झाकणारी जाळी, आणि पूर्ण मडगार्ड. बाकी हँडल, टायर, लाइटला त्याची हरकत नव्हती. सायलेन्सर आम्ही बदललाच नव्हता. ते एक बरं झालं.

मी विचारलं, समजा चॅसी न कापता, ब्रेक चांगले करून, सगळं सुरक्षित ठेवून कुणाला गाडी बदलायचीच असेल, तर कुणाकडं अर्ज करायचा? कुठं तपासून घ्यायची? तो हसला. म्हणाला, "सर, मला चांगलं वाटलं म्हणून मी पास करू शकत नाही. तसा कप्पाच नाही."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत डोक्यात घोळवत होतो. त्याची चूक नाही. तो नियमानं चालला आणि पैसे मागितले नाहीत, हे आवर्जून लिहितो.

पण कप्पा का नाही? ब्रिटनमध्ये एकेका मोटारसायकलची स्वतंत्र चाचणी घेऊन तिला मान्यता देण्याची सोय आहे. जर्मनीत बदललेली गाडी तपासनिसाकडं न्यायची, तो तपासतो आणि मान्य झालेला बदल गाडीच्या कागदावर चढतो. तिथं बदल मोकाट नाहीत, उलट तपासणी आपल्यापेक्षा कडक आहे. पण दार आहे. आपल्याकडं दार नाही, म्हणून लोक खिडकीतून जातात. पासिंगपुरतं सामान लावतात, आणि मग ज्या गाडीचा वेल्ड खराब आहे आणि ज्या गाडीचं काम नीट झालंय, त्या दोन्ही सारख्याच बेकायदा होऊन रस्त्यावर फिरतात. कोणती धोकादायक आहे हे कुणीच तपासत नाही, कारण दोन्ही तपासायला येतच नाहीत. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर विमा कंपनी बोट ठेवते ते वेगळंच.

लगेच कुणीतरी म्हणेल, तुमची हौस, त्याला कायदा कशाला बदलायचा? बरोबर आहे. माझी हौसच आहे. पण चाचांचं ते पोट आहे. नव्या गाड्यांत संगणक आल्यापासून स्टँडमागच्या गल्लीतलं काम तसंच कमी झालंय. जुनी गाडी नीट करणं, तिला नवं रूप देणं, हे या लोकांच्या हातात अजून उरलेलं काम आहे. ते करण्याला कायद्यात नाव नाही, परवाना नाही, शिक्का नाही. मग त्यांना एकच नाव उरतं, ते आम्ही पत्रकार देतो. "अशी गॅरेजं."

माझं म्हणणं एवढंच आहे. आवाजाच्या सायलेन्सरवर कारवाई झालीच पाहिजे. रात्री दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण कानानं नको, यंत्रानं मोजून करा, आणि पावतीवर आकडा लिहा. चॅसीला हात लावणाऱ्याला खुशाल दंड करा. पण नटबोल्टावरचा, सुरक्षित, तपासून घेता येईल असा बदल ज्याला करायचाय, त्याला फी घेऊन, चाचणी घेऊन, पुस्तकात नोंद करून देणारी एक खिडकी असू द्या. आमदार-खासदारांपैकी कुणी वाचत असेल तर हे अधिवेशनात विचारण्यासारखं आहे.

गाडीचं पुढं काय झालं?

चारही गोष्टी बसवल्या. पूर्ण मडगार्ड माळ्यावरच्या पोत्यातलं मूळचं. सीट दोघांची, जरा बारीक, मागं पकड. जाळी चाचांनी नवी केली, चाकाच्या गोलाईला धरून, काळ्या रंगात. आठ दिवसांनी परत नेली, पास झाली. ट्रॅकर म्हणून आता ती कुठल्या स्पर्धेत पहिली येणार नाही. मागून बघितली तर बुलेट, पुढून बघितली तर ट्रॅकर. फोटो टाकलेत खाली, हसायचं तर हसा.

पण पाणंदीनं ती कशी जाते ते सांगतो. रुंद हँडलमुळं चिखलात पुढचं चाक भरकटलं तरी दोन बोटांत सरळ होतं. तोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी रस्त्याचं पीठ केलेलं असतं, त्यातही टायर धरून चालतात. वडील असते तर बाकी सगळं नाक मुरडून बघितलं असतं, पण हँडलला मान दिली असती असं वाटतं.

आणि बातमीचं. मी संपादकांना विचारलं, तीन वर्षांपूर्वीच्या फोटोओळीची दुरुस्ती छापू या का? ते म्हणाले, आता कुणाला आठवतंय, उगाच कशाला उकरायचं. माझ्या हातात पान नाही. म्हणून इथं लिहितो.

डिसेंबर २०२२ मध्ये सायलेन्सर कारवाईच्या माझ्या बातमीसोबत आमच्या स्टँडमागच्या गल्लीतल्या एका गॅरेजचा फोटो छापला होता. त्या गॅरेजचा त्या सायलेन्सरशी काहीही संबंध नव्हता. मी विचारलं नव्हतं. चूक माझी होती. ज्या पतसंस्थेच्या गाड्या तिथं जायच्या बंद झाल्या, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर गाड्या परत पाठवा. माणूस चॅसीला ग्राइंडर लावत नाही.

परवा आईला मागं बसवून मळ्यात नेलं. दुसऱ्या किकला सुरू झाली. मागून आई म्हणाली, "दोन."